निपाणीची अमकी

"थांबा," शिरीष म्हणाला. "ते परत म्हणा."

जातं थांबलं. आनसाक्कांनी खुंट्यावरचा हात काढला नाही, फक्त मान वळवून शिरीषकडे पाहिलं, मध्येच हंबरलेल्या रेडकाकडे पाहावं तसं. माझा टेपरेकॉर्डर मात्र फिरतच होता. त्यामुळे ओवीच्या संशोधनात एका मावसभावाचा आवाज जो जाऊन बसला, तो आजही त्या कॅसेटवर आहे.

"कंचं म्हणू?"

"ते घड्याळाचं. ढुशीचं."

आनसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ओव्या गोळा करायला आलेली मी, आणि हा मध्येच कोण, असा तो प्रश्न होता. मी मान डोलावली. जातं पुन्हा घरघरलं, आणि त्या घरघरीवर पाय देऊन आवाज वर चढला:

*हात माझ्या खांद्यावर, घड्याळ मारी ढुशी*
*सवतीच्या घरामंदी काटं फिरती खुशी-खुशी*

शिरीष खाटेवरून उठून उभा राहिला. सकाळपासून तो त्या खाटेवर एक इंग्रजी मासिक चाळत, डास मारत बसला होता. एसटीचा संप होता आणि मला पीएच.डी. पुरी करायची होती, म्हणून त्याची गाडी मी मागितली होती. गाडीबरोबर तोही आला. मी दळताना म्हटलेल्या ओव्या जमवत होते, तो जुनी ऑटोमॅटिक मनगटी घड्याळं. दोघांचाही छंद असा की घरच्यांनी त्याबद्दल पाहुण्यांसमोर बोलणं बंद केलं होतं.

"मंदे, बंपर आहे ते," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. वहिनीला पहिलं मूल झालं तेव्हाही तो इतका घोगरा झाला नव्हता.

"काय आहे?"

"अगं, सुरुवातीच्या ऑटोमॅटिक घड्याळांत आतलं वजन पूर्ण गोल फिरायचं नाही. थोडं फिरायचं, स्प्रिंगवर आपटायचं, मागं यायचं. हात हलला की आतून मनगटाला धक्का. ढुशी. किती बरोबर शब्द आहे. आमच्या घड्याळवाल्यांच्या सर्कलमध्ये एकालाही सुचला नाही."

"किल्ली द्यायची न्हाई त्येला?" सोप्यातून आवाज आला. आनसाक्कांचे यजमान हिंदुराव खोराटे तिथे भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. नाव हिंदुराव, अंगावर बंडी, आणि देह असा की उभे राहिले तर भिंतीला टेकवलेली काठी समजून कुणी उचलून नेलं असतं.

"नाही आजोबा. हात हलेल तेवढं ते चालणार. हात थांबला की दीड-दोन दिवसांत बंद."

"म्हंजे हातावर पोट हाय म्हणा की त्येचं बी," हिंदुराव म्हणाले आणि पुन्हा सुपारीकडे वळले.

आनसाक्कांनी पदराने कपाळ पुसलं आणि हनुवटीने भिंतीकडे खूण केली. "त्यो बगा फोटू. लगीन झाल्याव निपाणीला काढल्याला."

फोटोत एक पोर खुर्चीत बसली होती. नऊवारीत बुडालेली, डोळे विस्फारलेले. तिच्या मागे रंगवलेला राजवाडा, आणि राजवाड्यापुढे कोट घातलेले तरुण हिंदुराव. त्यांचा डावा हात तिच्या खांद्यावर होता आणि मनगटावरचं घड्याळ थेट आपल्याकडे रोखलेलं. शिरीषने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि नाक जवळजवळ काचेवर टेकवलं.

"आमच्या मालकांचं त्वांड बगत्यात व्हय?" आनसाक्कांनी मला हळूच विचारलं.

"नाही. घड्याळ."

"तरीच म्हटलं."

मग भिंग काढून तो वळला. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता. "स्विस आहे. याचं नाव घेतलं तर तुमची जीभ वळायची नाही. असं घड्याळ पुण्यात एकाकडे आहे आणि तो ते कुणाला हातात देत नाही. आजोबा, कुठं आहे हे?"

सोप्यातला अडकित्ता थांबला.

"त्येच मी इचारत्येय," आनसाक्का म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं." त्यांनी जात्यात मूठभर नाचणी टाकली. "गावाकडं यायच्या आत हातातनं गायब. पयलं म्हणाले दुरुस्तीला दिलंय. मग म्हणाले पावण्याला दिलंय लग्नापुरतं. मग काय बी म्हणाले न्हाईत. बाप्या गप बसला की बाईनं काय ते समजायचं."

"म्हशीला पाणी दावून येतो," असं म्हणून हिंदुराव उठले. घरात म्हैस नव्हती. ती गेल्या साली विकली होती, हे त्यांनी स्वतःच मला सकाळी सांगितलं होतं.

त्यांची पाठ वळली आणि आनसाक्कांनी दुसरी ओवी उचलली. मागच्या खेपेला मी हीच ध्वनिमुद्रित केली होती:

*निपाणीच्या पेठंमंदी अमकी उभी दारी*
*माझ्या राघूचं घड्याळ तिच्या मनगटी भारी*

या 'अमकी'वर मी एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. लोकगीतातील अनामिकेचं सामाजिक स्थान, असं काहीतरी. सवतीला नाव न देऊन स्त्री तिचं अस्तित्व नाकारते, हा माझा सिद्धान्त. अध्यक्षांनी कौतुक केलं होतं. त्यांना लवकर जेवायला जायचं होतं.

"आक्का, तिला तुम्ही अमकीच का म्हणता?" मी माझ्या सिद्धान्ताला पुरावा मिळवण्यासाठी विचारलं.

"नाव ठावं न्हाई म्हणून."

सिद्धान्त असा एका वाक्यात बसला खाली.

"निपाणीला तंबाखूच्या गाड्या घिऊन जायचे हे," आनसाक्का सांगू लागल्या. "हप्त्याला एक खेप. कवा मुक्काम पडायचा. मी काय इचारलं न्हाई. इचारून का सांगणार हायत? माझं मी ओवीत बोलले. शेजारच्या बाया जात्याव यायच्या, आयकायच्या, इचारायच्या, आक्का, तिचं नाव काय गं? आता किती दिस अमकी-अमकी करू? जीव इटला. मरायच्या आदी एकदा तरी तिच्या नावानं वरडून ओवी म्हणायची हाय मला."

त्या हसत नव्हत्या. पिठाने पांढरी झालेली बोटं खुंट्यावर घट्ट होती.

शिरीष त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उकिडवा बसला असावा, कारण त्याला पुढे जात्याला धरावं लागलं. "आजी, मी शोधतो. त्या बाईकडे घड्याळ असेल तर मी तिच्याकडून विकत घेतो."

"घ्या की. मला काय करायचं त्येचं." आनसाक्का म्हणाल्या. "घड्याळ तुमचं, नाव माझं. ठरलं?"

"ठरलं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीजवळ गेलो तर हिंदुराव आधीच पुढच्या सीटवर बसलेले. धुतलेलं धोतर, गुलाबी फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा. एकूण थाट असा की लग्नाला निघालेत, आणि चेहरा असा की तेराव्याला.

"मी दावतो घर," एवढंच ते म्हणाले.

दारात आनसाक्का उभ्या होत्या. नवरा सवतीच्या घरी निघालाय म्हणून एखादी बाई काय काय करेल. यांनी दशमी आणि ठेचा बांधून दिला. "दोन घास खा. ती काय जेवाय घालंल, न घालंल."

वाटभर शिरीष आपल्या घड्याळ सर्कलबद्दल सांगत होता. रविवारी सकाळी दहाला डेक्कनवरच्या एका हॉटेलात ही मंडळी जमतात. प्रत्येकाच्या हातावर एक आणि खिशात दोन-तीन घड्याळं. दहाच्या सभेला कुणीही साडेअकराच्या आत येत नाही. कुठल्या घड्याळावर विश्वास ठेवायचा हेच ठरत नसावं. मग एकजण रुमालातून घड्याळ काढतो आणि बाकीचे, वा, वा, असं म्हणत मनातल्या मनात ते नकली असावं अशी प्रार्थना करतात. त्यांच्या भाषेत चांगलं घड्याळ म्हणजे ज्याला एकच घर माहीत आहे ते. एका माणसाच्या हातावर म्हातारं झालेलं. सोबत त्या माणसाचा फोटो असेल तर सोन्याहून पिवळं.

"फोटो तर आहेच आपल्याकडे," शिरीष म्हणाला. "आजोबा, तुमच्या हातातला. एवढा पुरावा सर्कलमध्ये कुणाकडे नाही."

हिंदुरावांनी खिडकीची काच खाली केली. फेट्याचा शेमला बाहेर फडफडायला लागला.

निपाणीत शिरताना शिरीषला निराळीच काळजी लागली. "मंदे, त्या बाईला काय म्हणून हाक मारायची? आजी म्हटलं तर राग येईल का? आणि सोबत काय न्यायचं? पेढे बरे दिसतील?"

"तुझी ती घड्याळाच्या नात्यानं सासू लागते. पेढे ने."

त्याने खरंच गाडी थांबवून पेढे घेतले.

पेठेत एका चौकात हिंदुरावांनी हात वर केला. "हितं."

मी आजूबाजूला पाहिलं. जुन्या माडीची, कठड्यावर अबोली वाळत घातलेली, अशी काहीतरी खिडकी मी मनात रंगवून ठेवली होती. अमकी तिथं उभी राहून पाहत असे, असं माझ्या निबंधात पान सहावर होतं. समोर एक काचेचं दुकान होतं. 'एका तासात पासपोर्ट फोटो. कलर लॅब. लग्न-मुंजीच्या ऑर्डरी.'

"कुठलं दार?" शिरीषने पेढ्यांची पुडी सावरत विचारलं.

"हेच," हिंदुराव म्हणाले. "हेच तिचं घर."

शिरीषला उमजलं नाही. मला उमजलं, आणि उमजल्याबरोबर त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी पाटीच वाचत राहिले. पाटीच्या वर जुन्या पाटीचा डाग राहिला होता, त्यात 'फोटो स्टुडिओ' अशी अक्षरं भिंतीच्या रंगाखालून अजून डोकं वर काढत होती.

शेजारच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. हिंदुरावांनी बशीत ओतलेला चहा तसाच निवत ठेवला.

"कोट त्येंचा, फोटूवाल्यांचा," ते म्हणाले. "गळ्यातली ती फित त्येंची. बूट त्येंचं, फोटूत दिसत न्हाईत म्हणून बिनलेसचं. घड्याळ त्येंचं. त्या फोटूत माझी म्हणावी अशी फकस्त बायकू."

शिरीषने पुडी टेबलावर ठेवली.

"मग आक्कांना सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगणारच हुतो. फोटूवाला म्हणाला खांद्याव हात ठेवा. म्या ठेवला. तोवर बोट लावलं नव्हतं कवा. हात कापाय लागला माझा, आन् त्ये आतलं इंजान टुक टुक आपटाय लागलं. ही गप बसून. भाहिर आल्याव पयलं वाक्य बोलली माझ्याशी. काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, तुमच्या घड्याळात जीव हाय." हिंदुरावांनी बशी उचलली, पुन्हा ठेवली. "आता म्या काय म्हणायचं? भाड्याचा जीव हाय म्हणू? गाडी दुसऱ्याची, तंबाखू दुसऱ्याचा, घर चुलत्याचं. तेवढी एक गोष्ट तिला माझी वाटली. म्हटलं दुरुस्तीला दिलंय म्हणावं, साल-दोन सालात खरंच घिऊ. कुटलं साल आन् कुटलं काय."

"आणि ती बाई?"

"ती तिनं आणली. म्या न्हाई." पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "एक दिस जात्याव ओवी आयकली, सवतीची. काळजात धस्स झालं. म्हटलं आत जाऊन पाय धरावं आन् खरं सांगावं. तर दारात सरपंच उभा. त्येनं बी आयकली. त्यो मला रामराम करून म्हणाला, काय हिंदुराव, निपाणीला बी संसार हाय म्हणा की. त्या दिसापास्नं गावात मला कोन अरे-तुरे करंना. ताई, बाई ठेवायला ऐपत लागती. जी ऐपत घड्याळानं दिली न्हाई, ती मला त्या बाईनं दिली."

यावर लोकसाहित्याच्या कुठल्याच ग्रंथात काही लिहिलेलं मला आठवेना.

स्टुडिओचा मालक म्हणजे जुन्या फोटोवाल्यांचा मुलगा. आम्ही विचारल्यावर त्याने माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली आणि फुंकर मारली. कसर लागलेला कोट, तारेविना टेलिफोन, प्लॅस्टिकचा गुलाब, आणि रबरात गुंडाळलेलं घड्याळ. शिरीषने ते तळहातावर घेतलं. काच पिवळी पडली होती.

"चालतं का?" मी विचारलं.

"कधीच चालत नव्हतं," मालक म्हणाला. "वडलांनी बंदच घेतलं होतं. म्हणायचे, फोटोत कुठं कळतंय."

शिरीषने हलकेच मनगट हलवलं. आतून टुक असा आवाज आला. काटे जागचे हलले नाहीत. घड्याळ मेलेलं होतं, ढुशी तेवढी जिवंत होती. हिंदुरावांनी हात पुढे केला, घड्याळ कानाशी नेलं, एकदा हलवलं, आणि लगेच परत देऊन टाकलं, दुसऱ्याचं तान्हं घेतल्यावर देतात तसं.

शिरीषने ते घेतलं. केवढ्याला, ते त्याने मला सांगितलं नाही, आणि वहिनीला तर नाहीच. पुढे पुण्यातल्या प्रदर्शनात ते मखमलीवर ठेवलेलं मी पाहिलं. शेजारी त्या फोटोची प्रत आणि खाली चिठ्ठी: 'मूळ मालक, श्री. हिंदुराव खोराटे, तंबाखूचे व्यापारी, जि. कोल्हापूर. एकाच घराण्यातील.' सर्कलमधले लोक चिठ्ठी वाचून वा, वा म्हणत होते. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांनी का होईना, कुणीतरी त्यांच्या नावावर ते घड्याळ चढवलं होतं.

*

परतीच्या वाटेवर खरी पंचाईत उभी राहिली. घड्याळ मिळालं होतं, म्हणजे नाव देणं भाग होतं.

"आपण खरं सांगू," मी म्हणाले. "आक्कांना उलट आनंदच होईल. इतकी वर्षं सवत नव्हतीच, हे कळल्यावर कुठल्या बाईला वाईट वाटेल?"

"मला वाटंल," हिंदुराव म्हणाले. ते मागे वळून बसले होते. "ताई, नीट इचार करा. बाई बी नव्हती आन् घड्याळ बी नव्हतं, असं तिला कळलं तर माझ्यापाशी ऱ्हायलं काय? गाडीवान म्हणून मरू व्हय आता?"

"पण मी संशोधक आहे. मी खोटं नाव कसं देणार?"

"घरच्या कारभारात संशोदन आणू नका."

शिरीषचा जीव घड्याळात होता, त्यामुळे तो उदार झाला होता. "नाव देऊन टाकू. शालिनी कसं वाटतं?"

"तलाठ्याची बायकू हाय शालिनी."

"मग मालती?"

"मालतीचं भाऊ पैलवान हायत. दोघंबी हयात."

"मोहना?"

"निपाणीत मोहना कुटली? ते पुण्यात."

एखाद्या मुलीच्या बारशाला पाळण्याभोवती बायका जमतात, तसे आम्ही तिघं त्या न जन्मलेल्या बाईसाठी नावं काढत होतो. बारशाला निदान मूल तरी समोर असतं. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं मागे पळत होती. हिंदुराव बराच वेळ त्या रस्त्याकडे पाहत राहिले. हप्त्याला एक खेप अशी आयुष्यभर त्या रस्त्यावरून ये-जा केलेला माणूस.

"चंद्रा," शेवटी ते म्हणाले. "चंद्रा म्हणून सांगा."

ते इतक्या मऊपणाने म्हणाले की मला क्षणभर शंका आली, खरंच कुणी होती की काय.

*

दिवस कलला होता. आनसाक्का जात्याजवळच होत्या. पीठ सुपात भरून झालं होतं, पण त्या उठल्या नव्हत्या. हिंदुराव सोप्यातच थबकले, खांबाशी बसले आणि आत येईनात. शिरीषने घड्याळ रुमालातून काढून आनसाक्कांपुढे धरलं.

त्यांनी ते घेतलं, उलटंसुलटं केलं. "हेच. फोटूत मोटं दिसत हुतं." आणि परत दिलं. "न्या तुमचं. आता माझं द्या."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं आणि, अशा वेळी पुरुष करतात तेच, तो सोप्यात निघून गेला.

मी घसा साफ केला. "तिचं नाव चंद्रा आहे, आक्का."

आनसाक्कांनी डोळे बारीक केले. "कोन म्हणालं?"

"तिथं... चौकशी केली आम्ही."

"चंद्रा." त्यांनी ते नाव तोंडात घोळवलं. मग माझं मनगट धरून मला जवळ ओढलं, आणि सोप्याकडे एकदा बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, बैल हुता त्यो."

"काय?"

"ह्यांच्या गाडीचा बैल. चंद्र्या. लई गुणाचा. मेला तवा दोन दिस जेवले न्हाईत हे." त्यांच्या गालावरच्या सुरकुत्या थरथरायला लागल्या आणि त्या हसताहेत हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. "बैलाचं नाव घिऊन आली व्हय पुण्याची शिकल्याली बाई. माझ्या सवतीला."

मी तिथेच पिठात बसले. "आक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"घड्याळ. फोटो. ते सगळं."

"कोटाची बाही त्येंच्या कोपराला आली हुती," आनसाक्का म्हणाल्या. "आन् फोटू झाल्याव हे मला भाहिर हुबं करून परत आत गेले, ते बंडीवर भाहिर आले. मी बारकी हुते, आंधळी नव्हते."

"मग म्हणालात कशाला, घड्याळात जीव आहे म्हणून?"

"घड्याळाला कोन म्हणालं? हात कापत हुता त्येंचा. त्येच म्हणाले मी, जरा आडून. त्येन्ला घड्याळ वाटलं. वाटू दिलं."

सोप्यात शिरीष पेढ्यांची पुडी सोडत होता, तिचा कागद वाजला.

"आणि ओव्या?"

आनसाक्कांनी सुपातलं पीठ उगाच सारखं केलं. "जात्याव धा बायका बसायच्या. एकीचा दाल्ला मास्तर, एकीचा गिरणीत, एकीचा मिल्ट्रीत. मी काय म्हणायचं? माझ्या राघूला भाड्याचा कोट म्हणू? अशी ओवी कुनी केली हाय का? त्यापरीस म्हटलं, निपाणीची बाई ज्याच्याव भुलली, घड्याळ काडून घेतलं तरी ज्यानं हूं केलं न्हाई, असा दाल्ला हाय माझा. बायका गप बसायच्या. मास्तरणीचं त्वांड तर असं व्हायचं." त्यांनी तोंड करून दाखवलं.

"आणि नाव? नाव कशाला हवं होतं मग?"

"म्हटलं ना, जीव इटला अमकीला. मला एक बी बरं सुचंना. त्या येळंला तुमी आला. म्हटलं पुण्याची मान्सं हायत, गाडी हाय, चांगलं नाव शोदून आनतील." त्यांनी माझ्या हातावरचं पीठ झटकलं. "तर बैल आनला. आन् बसत बी न्हाई त्ये. निपाणीच्या पेठंमंदी चंद्रा उभी दारी. बगा, जातं ठेचकाळलं. तीन अक्षरी पायजे."

मग त्या सरसावून बसल्या, पदर खोचला, आणि सोप्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अवं, ऐकलं का? ह्या बाईच्या आयकण्यात काय तरी चूक झालीया. त्या बयेचं नाव चंद्राच हाय न्हवं? का दुसरं काय?"

शिरीषच्या हातातला पेढा तोंडापाशी थांबलेला मला उंबऱ्यातून दिसत होता. हिंदुरावांची पाठ आमच्याकडे होती. फेट्याचा शेमला हलत नव्हता. मला वाटलं आता हे म्हशीला पाणी दाखवायला उठणार.

"आता सांगून टाका," आनसाक्का म्हणाल्या. "मी काय खात न्हाई तुमाला."

"शेवंता," हिंदुराव म्हणाले.

आनसाक्कांनी डोळे मिटून ते नाव एकदा मनात फिरवलं. ओठ हलले. मग त्यांनी खुंटा धरला, मूठभर नाचणी जात्यात सोडली, आणि मला कोपराने ढोसून दुसऱ्या बाजूने हात लावायला लावला. आवाज घराबाहेर, पार शेजारच्या दोन-तीन दारांपर्यंत जाईल असा त्यांनी लावला:

*निपाणीच्या पेठंमंदी शेवंता उभी दारी*
*माझ्या राघूचं घड्याळ तिच्या मनगटी भारी*

"मेली," त्या ओवी संपल्यावर मोठ्याने म्हणाल्या. "हात मोडो तिचं." आणि लगेच दुसरी उचलली.

शेजारच्या दोन बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हिंदुरावांनी खाकरून घसा साफ केला, फेटा जरा तिरका केला, आणि त्या बायांना नीट ऐकू जाईल अशा बेताने शिरीषला म्हणाले,

"बगा पावणं. म्हातारपण आलं, पर ती अजून सोडत न्हाई मला."